सत्तेचाळीस डोंगर, चोवीस दिवस

सोमवारी सकाळी ग्लासगोच्या आमच्या हापिसात चहाच्या मशीनपाशी दोन प्रकारची माणसं भेटतात. एक, फुटबॉलबद्दल तावातावाने बोलणारी. आणि दुसरी, "या वीकांताला दोन केले" एवढंच सांगून बिस्किट उचलून जाणारी. दोन काय, ते सांगायची त्यांना गरज वाटत नाही. नवीन आलो तेव्हा पहिले काही आठवडे मला वाटायचं, हे पबबद्दल चाललंय. मग कळलं, की दोन म्हणजे दोन 'मन्रो'. आपल्याकडे एखादे काका ज्या सुरात "यंदाची नववी वारी" म्हणतात, अगदी त्याच सुरात इथली चाळिशी-पन्नाशीतली माणसं "माझे एकशे तीस झाले" म्हणतात.

तर मंडळी, आधी थोडं मन्रोपुराण. स्कॉटलंडमधला ३,००० फुटांच्या, म्हणजे ९१४.४ मीटरच्या वरचा डोंगर म्हणजे मन्रो. सर ह्यू मन्रो नावाच्या गृहस्थांनी १८९१ साली स्कॉटिश माउंटेनिअरिंग क्लबच्या नियतकालिकात अशा डोंगरांची यादी छापली आणि पुढच्या चार-पाच पिढ्यांना कामाला लावलं. सध्या या यादीत २८२ डोंगर आहेत. 'सध्या' अशासाठी, की यादी बदलते. २००९ मध्ये एक आणि २०१२ मध्ये एक असे दोन डोंगर नव्याने अचूक मोजले आणि ते कमी भरले. दुसरा तर अर्ध्या मीटरहूनही कमी फरकाने गेला. डोंगर आहे तिथेच आहे, त्याच्या कामात काही कसूर नाही, पण रेटिंग खाली. आयटीतल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको :)

गंमत म्हणजे खुद्द मन्रोसाहेबांची यादी पुरी झालीच नाही. १९१९ साली ते गेले तेव्हा अगदी थोडी शिखरं राहिली होती. स्काय बेटावरचा 'इनॅक्सेसिबल पिनॅकल' नावाचा सुळका त्यातलाच एक. तो आजही बहुतेक जण दोर लावल्याशिवाय चढत-उतरत नाहीत. यादी पुरी करणारा पहिला माणूस म्हणून मान मिळाला रॉबर्टसन नावाच्या एका पाद्र्याला, १९०१ मध्ये. शेवटच्या शिखरावर पोचल्यावर त्याने आधी तिथल्या दगडांच्या राशीचं चुंबन घेतलं आणि मग बायकोचं, अशी गोष्ट इथे आवडीने सांगतात. प्राधान्यक्रम स्पष्ट होता.

आता सह्याद्रीत फिरलेला कुणीही म्हणेल, ९१४ मीटर म्हणजे काय डोंगर झाला? स्कॉटलंडचं, किंबहुना सगळ्या ब्रिटनचं सर्वोच्च शिखर बेन नेव्हिस १,३४५ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. मीही पहिल्यांदा असंच म्हणालो होतो. पण बेन नेव्हिसची चढाई जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते, आणि हा सगळा प्रदेश आपल्यापेक्षा इतका उत्तरेला आहे, की मे महिन्यातसुद्धा वरच्या घळींमध्ये बर्फ असतो. पायथ्याशी टी-शर्ट, माथ्यावर दोन जाकिटं आणि समोरचा हात दिसणार नाही असं धुकं, हे सगळं चार तासांत. आकड्यांवरून डोंगराची किंमत करू नये हे मी पहिल्याच ट्रिपमध्ये शिकलो.

बरं, २८२ डोंगर माणसं आयुष्यभरात करतात. कुणी दहा वर्षांत, कुणी चाळीस. पण १९७४ साली हॅमिश ब्राउन नावाच्या माणसाने ठरवलं, की सगळे एकाच प्रवासात करायचे. घरी परत यायचं नाही, गाडीत बसायचं नाही. तोवर असं कुणी केलेलं नव्हतं. तो ११२ दिवस चालला. सुमारे २,६४० किलोमीटर, त्यातले जेमतेम २४० सायकलवर, बाकी पायी. बेटांवर जायला तेवढी फेरीबोट. एकूण चढ मोजला तर समुद्रसपाटीपासून एव्हरेस्ट पंधरा वेळा चढून थोडा उरेल एवढा. त्यानंतर लोकांनी नियम आणखी आवळला: बोटसुद्धा नको, इंजिन कशालाच नको. चालायचं, पळायचं, सायकल मारायची, पाणी आलं तर वल्हवायचं किंवा पोहायचं. थोडक्यात, सगळं स्वबळावर. (हा शब्द आपल्याकडे फक्त निवडणुकीच्या आधी ऐकू येतो आणि निकालानंतर नाहीसा होतो. इथे तसं चालत नाही.)

२००० साली ग्लासगोच्या चार्ली कॅम्पबेल नावाच्या पोस्टमनने हे ४८ दिवसांत केलं, बेटांपर्यंतचं पाणी चक्क पोहून. २०१० मध्ये स्टीफन पाइकने ३९ दिवसांत, कयाक आणि सायकल घेऊन. २०२० मध्ये डॉनी कॅम्पबेलने ३२ दिवसांना एक तास कमी असताना संपवलं. आणि २०२३ मध्ये जेमी ॲरन्स या बाईने ३१ दिवस १० तासांत. म्हणजे दिवसाला सरासरी नऊ मन्रो. मी शनिवारी दोन केले की रविवारी जिना उतरताना कठडा धरतो.

तर अशा लोकांच्या गोष्टी वाचून मी एक योजना आखतोय. विक्रमबिक्रम काही नाही. २८२ तर अजिबातच नाहीत. पण एक सलग प्रवास, ग्लासगोच्या माझ्या घराच्या दारापासून थेट उत्तर टोकापर्यंत, आणि इंजिन नाही. गेले तीन महिने माझे सगळे वीकांत यातच चाललेत.

पहिला प्रश्न, स्वबळावरच का? गाडी भाड्याने घेऊन फिरलं तर याच दिवसांत कदाचित दीडपट डोंगर होतील. गेल्या दोन वर्षांत मी एकतीस मन्रो केलेत, आणि ते सगळे तसेच. पहाटे चारला निघायचं, तीन तास ड्रायव्हिंग, डोंगर, परत तीन तास. डोंगर लक्षात आहेत, फोटोही आहेत. पण ग्लेन को आणि ग्लेन शील या दोन दऱ्यांच्या मधे नेमकं काय आहे, हे मला कुणी विचारलं तर मी सांगू शकत नाही. मधे मी गाडीत होतो. राजमाची, लोहगड, विसापूर तीन वेगवेगळ्या रविवारी केलेला माणूस आणि ती रांग सलग चाललेला माणूस, यांच्या डोक्यातले नकाशे वेगळे असतात. माझ्याकडे नुसते ठिपके आहेत, रांगोळी काढायची राहिलीय. इंजिन नको हा नियम त्या रेघेसाठी आहे. डोंगर आणि डोंगर यांच्या मधला भाग टाळता येणार नाही, एवढीच त्याची अट, आणि माझ्या मते खरी मजाही तीच.

मग मी काय केलं असेल? बरोबर. इंजिनिअर माणूस, स्क्रिप्ट लिहिली. सगळ्या शिखरांचे अक्षांश-रेखांश, उंचीचा डेटा, आणि आपला कॉलेजातला जुना मित्र, ट्रॅव्हलिंग सेल्समन प्रॉब्लेम. आजच्या लॅपटॉपला २८२ गावं म्हणजे किरकोळ काम. चहा होईपर्यंत नकाशावर एक सुंदर बंद वळसा तयार. भिंतीवर लावावा इतका सुंदर.

आता त्याला खऱ्या जगातल्या अटी घालायला घेतल्या. इथून पुढचं काम मला सगळ्यात जास्त आवडलं, कारण प्रत्येक अट नकाशाबद्दल काहीतरी नवीन शिकवते.

पहिली अट सायकलची. समजा एका दरीतून चढलो, डोंगराची धार चालत पलीकडच्या दरीत उतरलो. मी पलीकडे, सायकल अलीकडे. विक्रम करणाऱ्यांच्या मागे व्हॅन असते, ती सायकल पलीकडे नेऊन ठेवते. एकट्या माणसाला परत यावं लागतं. म्हणजे 'मी कुठे आहे' एवढीच स्टेट पुरत नाही, 'सायकल कुठे आहे' हेही धरावं लागतं. म्हणून मग अशा डोंगरांचा शोध, जे गोल फिरून सुरुवातीच्या जागी आणून सोडतात. ग्लेन शीलच्या दक्षिणेची धार मला कोणत्याही परिस्थितीत हवी आहे. एका दिवसात सात मन्रो, एका माळेत ओवल्यासारखे. पण ती सरळ रेषा आहे. सुदैवाने तिची दोन्ही टोकं एकाच रस्त्यावर येतात. मग सायकल आदल्या दिवशी पश्चिमेच्या खालच्या टोकाला ठेवायची, पहाटे ताज्या पायांनी आठ-नऊ किलोमीटर रस्त्याने वर चालत यायचं, आणि धार चालत संध्याकाळी सायकलपाशी उतरायचं. सात डोंगर उतरल्यावर डांबरी रस्त्यावर चढ चालण्यापेक्षा हे बरं. प्रश्न सोपा आहे, पण हे उत्तर सापडलं त्या रात्री मी एकटाच खोलीत टाळ्या वाजवल्या.

दुसरी अट पाण्याची. यादीतला सर्वांत दक्षिणेकडचा मन्रो म्हणजे बेन लोमंड, आणि माझी सुरुवात तिथूनच. घरापासून सायकलने लॉख लोमंडच्या पूर्व काठावर रोअर्डेनन, तिथून चढाई. पण तो रस्ता तिथेच संपतो. समोरचा काठ दोन किलोमीटरच्या आत, डोळ्यांना दिसतो, आणि उन्हाळ्यात तिथून पलीकडे टार्बेटला बोटही जाते. पण बोटीला इंजिन. म्हणजे उलटं फिरून ड्रायमेन, तिथून तलावाच्या दक्षिण टोकाला बॅलख, आणि पश्चिम काठाने परत वर टार्बेट. एकूण पंचावन्न-साठ किलोमीटर, बोटीतून जेवढ्या वेळात सँडविच खाऊन होईल तेवढ्या अंतरासाठी. नियम म्हणजे नियम. उलट स्कायला मात्र १९९५ पासून पूल आहे, सायकल थेट बेटावर जाते. १९७४ मध्ये हॅमिश ब्राउनला ती सोय नव्हती. पण स्कायवरचे बाराच्या बारा मन्रो मी यादीतून काढलेत. कुलिनची धार एकट्याने आणि पाठीवर बिऱ्हाड घेऊन करायची जागा नाही. मल बेटावर एकच मन्रो आहे आणि मधे दोन-तीन किलोमीटर समुद्र. मला पोहता येतं ते विहिरीत.

तिसरी अट वेळेची. इथे नेस्मिथ साहेबांचा १८९२ सालचा नियम अजून चालतो: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. बेन लोमंड घ्या. जाऊन-येऊन बारा किलोमीटर, चढ ९९० मीटर. म्हणजे दोन तास चोवीस मिनिटं अधिक एक तास एकोणचाळीस मिनिटं, साधारण चार तास. हा झाला नेस्मिथचा वेळ. माझ्या एकतीस मन्रोंच्या नोंदी काढून बघितल्या, तर मी सरासरी सव्वापट घेतो. थांबणं, खाणं, चुकीच्या वेळी निसर्गसौंदर्य वगैरे. म्हणून तक्त्यात सगळीकडे दीडपट धरलंय, कारण सलग पंधराव्या दिवशीचे पाय हे शनिवारचे पाय नसणार. एस्टिमेटमध्ये बफर टाकला म्हणून इथे कुणी मॅनेजर ओरडणार नाही, हे एक सुख.

आमच्या टीममधले एक सहकारी साठीकडे झुकलेत. त्यांचे सगळे मन्रो झालेत आणि आता दुसरी फेरी चालू आहे. त्यांना तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा वर करून शांतपणे पाहिला आणि विचारलं, "यात पाऊस कुठे आहे?" मी म्हटलं, बफर आहे ना. ते म्हणाले, "बफर वेगळा. ज्या दिवशी काहीच करायचं नाही असे दिवस दाखव." त्यांच्या सांगण्यावरून चोवीस दिवसांपैकी सात दिवस डोंगराशिवायचे ठेवलेत. त्यात लांब सायकलचे दिवस येतील, आणि तंबूत पडून पाऊस ऐकायचे दिवस येतील. कोणते कुठले, ते पाऊस ठरवेल. दर दोन दिवसांनी माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिसचा अंदाज बघायचा. शिखरावरचा वारा ताशी चाळीस मैलांच्या वर असेल तर वर जायचं नाही. ओढ्याला पूर असेल तर ओलांडायचा नाही. हे दोन नियम मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेत, कारण चौदाव्या दिवशी भिजलेला, दमलेला आणि तक्त्यात मागे पडलेला मी काय ठरवेन याची मला खात्री नाही. तेव्हाचा निर्णय आत्ताच, कोरड्या खोलीत बसून घेतलेला बरा.

राहण्याचा प्रश्न इथे आपल्यापेक्षा सोपा आहे. २००३ च्या जमीनसुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये बहुतेक मोकळ्या जमिनीवर, ती खाजगी असली तरी, चालण्याचा आणि तंबू टाकण्याचा हक्क आहे. अट एकच, जबाबदारीने वागायचं. लॉख लोमंडच्या काठाला मात्र मार्च ते सप्टेंबर परवाना लागतो, कारण तिथे फार लोक येऊन फार बाटल्या टाकून जायचे. शिवाय 'बॉथी' नावाचा अफलातून प्रकार आहे. डोंगरात दूरवर जुनी दगडी घरं, कुलूप नाही, भाडं नाही, वीज नाही, बहुतेक ठिकाणी नळही नाही. १९६५ पासून एक स्वयंसेवी संस्था अशा शंभरेक घरांची देखभाल करते. आत एक लाकडी फळी असते, त्यावर झोपायचं, आणि निघताना झाडून जायचं. आपल्याकडे देवळात मुक्काम करायची सवय असलेल्याला हे परकं वाटत नाही.

खाणं दिवसाला आठशे ग्रॅम. क्रिअनलारिख, किनलॉखलेव्हन, फोर्ट विल्यम, अलापूल इथे दुकानं आहेत. अलापूलच्या उत्तरेला ती इतकी विरळ होतात, की एक खोकं एका होस्टेलला आधीच पोस्टाने पाठवणार आहे, त्यांना विचारून. त्यात पोह्यांचं आणि उपम्याचं कोरडं मिश्रण, मेतकूट, चिक्की. आईने फोनवर "भाजणी पाठवू का?" विचारलं. गॅसच्या एवढ्याशा स्टोव्हवर, वाऱ्यात, थालीपीठ? म्हटलं, पाठव. बघू.

महिना मे. जूनपासून 'मिज' सुरू होतात, म्हणजे चिलटापेक्षा बारीक आणि ढगाने येणारे चावरे किडे. त्यांच्याबद्दल इथली माणसं सासुरवाशिणीने सासूबद्दल बोलावं तसं बोलतात. मेमध्ये ते कमी, पश्चिमेकडे पाऊसही तुलनेने कमी, आणि उजेड सोळा तासांच्या वर.

आता उरला मुख्य प्रश्न, जो कुठल्याच स्क्रिप्टमध्ये बसत नाही. किती दिवस?

हापिसाकडून वर्षाला पंचवीस रजा मिळतात. मे महिन्यात दोन सोमवारी बँक हॉलिडे असतात. ते दोन टोकांना ठेवले, की मधल्या चौदा रजांमध्ये चोवीस दिवस होतात. उरलेल्या अकरा रजा त्याला जोडल्या तर एकोणचाळीस दिवस. स्टीफन पाइकने यादी जवळजवळ तेवढ्यात संपवली होती. माझे पंच्याहत्तर झाले असते, कदाचित ऐंशी. बिनपगारी रजेचाही विचार केला. पण मी स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे, आणि त्यात वर्षभरात मिळून चार आठवड्यांच्या वर बिनपगारी रजा झाली, तर बाळंतपण, आजारपण असे ठरलेले अपवाद सोडून कंपनीला सहसा स्पॉन्सरशिपच थांबवावी लागते. चार आठवड्यांच्या आत राहिलो तरी त्या महिन्याचं इथलं भाडं आणि साताऱ्याच्या घराचा हप्ता थांबत नाही. तेव्हा तो पर्याय बंद. हॅमिश ब्राउनला ११२ दिवस मिळाले याचा हेवा वाटतो, पण त्याचा पासपोर्ट आणि माझा पासपोर्ट वेगळा आहे.

म्हणजे प्रश्न उरला तो अकरा रजांचा. एकोणचाळीस की चोवीस?

त्या अकरा रजा म्हणजे दिवाळी. घरी आजी आहे, अठ्ठ्याऐंशी वर्षांची. मी पाचवीत असताना आई-बाबा दोघांच्या नोकऱ्या पुण्यात आणि मी साताऱ्यात आजीजवळ, अशी चार वर्षं काढलीत. अजिंक्यताऱ्यावर मला पहिल्यांदा तिनेच नेलं, नऊवारीत, हातात पिशवी घेऊन. मागच्या वर्षी एका रिलीजमुळे दिवाळीला जाता आलं नाही. आता रविवारी फोन केला की तिचं पहिलं वाक्य असतं, "या दिवाळीला येतोस ना रे?" मी येतो म्हणतो. ती म्हणते, "बरं." त्या 'बरं'मध्ये मागच्या वर्षीचं सगळं असतं.

एकोणचाळीस दिवसांची योजना माझ्या तक्त्यात तयार होती. तिच्यात केर्नगॉर्म्स होते. स्कॉटलंडमधलं सगळ्यात उंच, रुंद पठार, बेन मॅकडुई १,३०९ मीटर, ब्रेरिआख १,२९६. तिथे दोन दिवस माणूस न दिसता चालता येतं म्हणतात. माझ्या एकतीसमध्ये तिथला एकही नाही. तक्त्यातले ते पंधरा दिवस मी चार शनिवार नुसते बघत होतो. पुढच्या वर्षी केर्नगॉर्म्स तिथेच असतील, हे वाक्य मी स्वतःला सांगितलं तेव्हा त्याचा उरलेला अर्धा भाग आपोआप ऐकू आला. तो इथे लिहायची गरज नाही.

शेवटी ते पंधरा दिवस तक्त्यातून उडवले आणि दिवाळीचं तिकीट काढलं, पैसे परत न मिळणारं. ते काढल्यावर योजनेचं काम एकदम सोपं झालं. याआधी प्रत्येक डोंगर 'का नाही?' असं विचारत होता. आता दिवस चोवीस म्हणजे चोवीस. मग त्या दिवसांत जी रेघ बसते तीच रेघ. आतापर्यंत मी समजत होतो, की मोठ्या प्रवासाची योजना म्हणजे काय काय करायचं याची यादी. माझ्या बाबतीत ती काय काय सोडायचं याची यादी झाली, आणि सोडलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे मी कारण लिहिलंय. स्काय: दोर. मल: समुद्र. केर्नगॉर्म्स: आजी.

आजीला सगळं सांगितलं. सायकल, तंबू, चोवीस दिवस. तिने दोनच प्रश्न विचारले. पहिला, "एकटाच?" हो म्हटलं. रोज संध्याकाळी रेंज असेल तिथून आईला मेसेज, नसेल तर सॅटेलाइटवरून ठिकाण पाठवणारं छोटं यंत्र घेतोय, ग्लासगोतल्या एका मित्राकडे पूर्ण वेळापत्रक आहे, आणि इथली बचाव पथकं स्वयंसेवकांची असतात, चोवीस तास, पैसे घेत नाहीत. ती म्हणाली, "म्हणून त्यांना उठवायचं नसतं." (हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर तिसरा नियम म्हणून गेलं.) दुसरा प्रश्न, "वर देऊळ आहे का?" कळसूबाईला आहे, मग तिथेही असेल असा साधा हिशेब. म्हटलं, नाही गं आजी, सगळ्यात उंच डोंगरावर एका जुन्या वेधशाळेचे पडके दगड आहेत. १८८३ ते १९०४ तिथे माणसं राहून रोज हवामान लिहून ठेवायची. ती म्हणाली, "तेही एक व्रतच की."

तर अंतिम मार्ग असा. पहिला दिवस बेन लोमंड. मग क्रिअनलारिखचे दोन, ब्रिज ऑफ ऑर्कीचे दोन, ग्लेन कोचे चार. किनलॉखलेव्हनहून मॅमोर्सचे दहा, दोन दिवसांत. नंतर बेन नेव्हिस आणि त्याचे तीन शेजारी. तिथून सायकलने उत्तरेला, ग्लेन शीलची सात डोंगरांची धार आणि समोरच्या फाइव्ह सिस्टर्समधले तीन. (बहिणी पाच, पण मन्रो तीनच. बाकीच्या दोघी यादीत बसत नाहीत. त्यांना त्याचं काही वाटत नसावं.) मग टॉरिडनचे सहा, जिथले खडक जगातल्या फार जुन्या खडकांपैकी आहेत. अलापूलजवळ बेन डिअर्ग आणि परिवार, चार. असिंटचे दोन, मग क्लिब्रेक एकटा, आणि सगळ्यात शेवटी, सर्वांत उत्तरेकडचा मन्रो, बेन होप, ९२७ मीटर. एकूण सत्तेचाळीस. सर्वांत दक्षिणेपासून सर्वांत उत्तरेपर्यंत एक रेघ, मधे कुठेही तुटलेली नाही. बेन होप उतरलो की नियम संपला. पन्नासेक किलोमीटर सायकल मारून लेर्ग स्टेशन, आणि मग ट्रेन. बाबांनी "ट्रेन जातेच ना तिकडे?" हा प्रश्न पहिल्या दिवशीच विचारला होता. त्यांचं समाधान करणारा एवढा एकच भाग योजनेत आहे.

सत्तेचाळीसपैकी तीस झाले तरी चालतील, असं मी सगळ्यांना सांगतोय. रेघ तेवढी तुटू द्यायची नाही. हवा वाईट असेल तर डोंगर गाळायचा, पायथ्याने पुढे जायचं. चढायला मिळालं नाही तरी मधला रस्ता माझाच.

निघायला सात आठवडे आहेत. या वीकांताचं काम: मागच्या चाकाचं टायर बदलणे, तंबू भर पावसात उभा करून बघणे, आणि भाजणीचं थालीपीठ त्या स्टोव्हवर होतं का ते तपासणे. पाऊस खिडकीबाहेर तयारच आहे.